ओळख पटलेला चेहरा

नाव: दप्तरी आहे, वापरात नाही. वापरातले नाव: हसरेकाका. हुद्दा: शिपाई, पाणीपुरवठा कार्यालय, शाखा क्रमांक दोन. सेवा: एकोणीस वर्षे, अखंड. उंची: फडताळाच्या वरच्या खणातली फाइल स्टुलाशिवाय निघेल इतकी. स्वभाव: आनंदी, कारण तपासात आढळून आले नाही. सदर कर्मचारी निर्व्यसनी, वक्तशीर व आज्ञाधारक असून त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार प्रलंबित नाही. हजेरीच्या मशीनसाठी त्यांचा फोटो काढला, त्या दिवशी त्यांची दाढ दुखत होती.

दाढ अशी दुखत होती की डावा गाल फुगून एक डोळा अर्धा मिटला होता, आणि कपाळाला इतक्या आठ्या पडल्या होत्या की रुमाल पिळून ठेवलाय असे वाटावे. मशीन बसवायला आलेल्या माणसाने सांगितले, "काका, हलू नका." काकांना हलायचे त्राण नव्हतेच. संध्याकाळी दाढ निघाली, दोन दिवसांत गाल उतरला आणि काकांचे हसू होते तिथे परत आले. मशीनच्या पोटात मात्र तो दुखरा काका कायमचा राहायला गेला.

मशीन येण्याआधी हजेरीचे एक जाडजूड रजिस्टर होते. त्यात लोक स्वतःची सही करत आणि वेळ पडली तर शेजाऱ्याचीही करत. एवढा बंधुभाव वरिष्ठ कार्यालयाला सोसला नाही. म्हणून दाराशी, सूचनाफलकाच्या शेजारी, हे मशीन टांगले गेले. त्याच्यापुढे चेहरा धरायचा. ओळख पटली तर आतली बाई 'स्वागत आहे' म्हणणार. दहाच्या ठोक्याला ते बंद. त्यानंतर आलेल्याच्या नावापुढे लाल शेरा. तिमाहीत तीन लाल शेरे झाले की माणूस 'अतिरिक्त' ठरून त्याची रवानगी गाळणी केंद्रावर. गाळणी केंद्र बसने तीन तासांवर होते, आणि बस दिवसातून एकदाच जायची.

पहिल्या दिवशी काका नेहमीसारखे हसत उभे राहिले.

"चेहरा ओळखता आला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा," आतली बाई म्हणाली.

काका आणखी हसले. परक्या बाईशी बोलताना त्यांना तेवढेच सुचे. लाल शेरा. दुसऱ्या दिवशी दुसरा लाल शेरा.

काका साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब म्हणाले, "मी तुम्हाला एकोणीस वर्षं ओळखतो. पण माझ्या ओळखण्याला आता कोण विचारतो?" फोटो बदलायचा अर्ज मशीनवरच करायचा होता. त्यासाठी आधी मशीनने चेहरा ओळखायला हवा होता.

घरी बायकोने सगळे ऐकून घेतले आणि शिलाई मशीनवरचा पाय थांबवला. समोरच्या खोलीत तिचे दुकान होते. अर्ध्या गल्लीची मापे तिच्या वहीत होती, उरलेली तोंडपाठ.

"माझी गिऱ्हाइकं काय तीन तास बसनं येणार, बाही आखूड करायला?" ती म्हणाली. "तुम्ही खुशाल जा. मी इथून हलायची नाही."

"अगं, पण मी तिथे एकटा..."

"मशीन आहे की सोबतीला. बोलतं म्हणे."

तिसऱ्या दिवशी दहाला पाच मिनिटे कमी होती, काका मशीनपुढे मान वाकडी करकरून बघत होते आणि मागे रांग खोळंबली होती. हेडक्लार्कबाईंचा संयम सुटला. "काका, सरका आता! एकोणीस वर्षं तुमच्या हातचा चहा पितेय, आज एकदाचं सांगते. तो चहा नसतो, कपबशा विसळलेलं पाणी असतं!"

काकांच्या कपाळाला आठी पडली. गालही किंचित फुगला.

"स्वागत आहे," मशीन म्हणाले.

मीटर तपासनीस हळूच म्हणाले, "म्हणजे यांना रोज चिडवायचं?"

सरकारी काम पाळीने होते, तसे हेही झाले. सोमवार हेडक्लार्कबाई, मंगळवार रोखपाल, बुधवार बिलांचा कारकून, गुरुवार मीटर तपासनीस, शुक्रवारी ज्याला सुचेल तो. फोनवर 'काकांचा राग' नावाचा ग्रुप निघाला. संध्याकाळी जाताना अडचण नसे. दिवसभर जिने चढून उतरून सहा वाजता काकांचा चेहरा आपोआप जुळे. प्रश्न फक्त सकाळचा.

पण काका मुळात थंड डोक्याचे. कालचा टोमणा आज पालथ्या घड्यावर पाणी. चहाच्या विषयाला काका चौथ्याच दिवशी हसू लागले. टकलावरचा विनोद एक दिवस टिकला. मग ग्रुपवर चौकशा सुरू झाल्या: काकांना नेमके काय लागते? एकोणीस वर्षांत कोणाला हा प्रश्न पडला नव्हता. महिन्याभरात सगळ्यांना सगळे ठाऊक झाले. थोरल्या भावाने नवे घर बांधले आणि पहिल्यांदा बोलावले ते गळणारा नळ बसवायला. जावई काका आल्यावर खुर्चीतून उठत नाही. कारकुनाच्या परीक्षेला काका दोनदा बसले आणि दोनदा थोडक्यात राहिले. माहिती मुद्देसूद, तारीखवार. कार्यालयातल्या कुठल्याही फाइलपेक्षा नीट.

रोखपाल तर भिडस्त माणूस. मंगळवारी ते आधी काकांना बाजूला घेत. "काका, आज जरा जावयावरून बोलणार आहे. मनावर घेऊ नका."

"मनावर घ्यायलाच हवं ना हो. बोला लवकर, दोन मिनिटं राहिलीत."

घरी काका आरशापुढे उभे राहून सराव करू लागले. बायको सुईत दोरा ओवता ओवता बघायची. एकदा ती म्हणालीच, "घरात कोणाची हजेरी लावताय?"

एका बुधवारी बिलांच्या कारकुनाला काही सुचेना. तो कंटाळून म्हणाला, "तुम्हाला काही म्हणा, तुम्ही दात काढता. म्हणून तर जन्मभर शिपाई राहिलात."

मशीनने क्षणाचाही विलंब न लावता स्वागत केले. काका चहाच्या खोलीत गेले आणि धुतलेल्या कपबशा पुन्हा धुवायला लागले. कारकून दोनदा दारापर्यंत येऊन गेला. त्या दिवशी चहा उशिरा आला आणि तक्रार कोणी केली नाही. ग्रुपवर हेडक्लार्कबाईंनी लिहिले, 'हे वाक्य पुन्हा वापरू नये.'

अशी तिमाही सरत आली. लाल शेरे दोनच राहिले. शेवटचा दिवस उजाडला, आणि सकाळी सातला लेकीला मुलगी झाली. लग्नाला नऊ वर्षे झाली होती. डॉक्टर बदलून झाले होते, नवस बोलून आणि विसरून झाले होते. काका दवाखान्यात गेले तेव्हा नात दुपट्यात मूठ वळून झोपली होती. काकांनी बोट पुढे केले. तिने ते धरले आणि सोडेना.

"आज नका जाऊ," बायको म्हणाली.

"तिसरा शेरा पडेल."

बायकोने नातीकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "मग जा, आणि तोंड दाखवून असेच परत या."

'लेक बाळंत झाली' एवढे दारातूनच ओरडून काका दहाला बारा मिनिटे कमी असताना मशीनपुढे उभे राहिले. चेहरा असा उजळला होता की आतली बाई बावचळली. "चेहरा ओळखता आला नाही."

"काका, चहा!" हेडक्लार्कबाई ओरडल्या. "गटाराचं पाणी बरं!"

"खरंय बाई," काका म्हणाले, "मलाही आवडत नाही." आणि हसले.

"तुमचा जावई!" रोखपाल माफी मागायचे विसरले. "खुर्चीला चिकटलेला!"

"आज उठला हो. पाया पडला माझ्या." काकांचे डोळे भरून आले, तरी हसू जाईना.

मीटर तपासनीस भावाच्या नळावर घसरले, कोणी टकलाचा विषय काढला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दहाला तीन मिनिटे राहिली. बिलांचा कारकून तोंड उघडून उभा होता. ते वाक्य त्याच्या जिभेवर होते, हे सगळ्यांना दिसत होते. त्याने तोंड मिटले.

"बोल रे," काका म्हणाले. "मला काही नाही वाटणार."

"म्हणूनच नाही बोलत," कारकून म्हणाला.

एवढ्यात केबिनचे दार धाडकन उघडले. साहेबांचा चहा आला नव्हता आणि बाहेर कोलाहल माजला होता. "काय बाजार मांडलाय इथे?" साहेब गरजले. त्यांचे गाल फुगले होते, एक डोळा बारीक झाला होता, कपाळ पिळून निघाले होते. काय बिघडलंय ते बघायला त्यांनी काकांना बाजूला सारून मशीनमध्ये डोके घातले.

"स्वागत आहे," मशीन म्हणाले. "शिपाई, शाखा क्रमांक दोन."

नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटे झाली होती. कार्यालयात एकाएकी प्रत्येकाला काम आठवले. रोखपालांनी कोऱ्या कागदावर बेरीज मांडली.

"मशीन बिघडलंय," साहेब म्हणाले.

"तसं लेखी कळवू का, साहेब?" हेडक्लार्कबाईंनी पेन काढले. "फक्त कोणाचा चेहरा कोणाचा म्हणून धरला, तेवढं सविस्तर लिहावं लागेल."

साहेबांनी विचार केला. त्यालाही थोडा वेळ लागला.

"नको," ते म्हणाले. मग काकांकडे वळले. "मुलगा की मुलगी?"

"मुलगी, साहेब."

"मग इथे काय करताय? निघा."

तिमाही अहवालात वरिष्ठ कार्यालयाने शाखा क्रमांक दोनचे अभिनंदन केले. नव्या प्रणालीमुळे परस्पर हजेरी लावण्याच्या अनिष्ट प्रथेचे समूळ उच्चाटन झाले असून सदर शाखेतील शिपाई तिमाहीच्या अखेरच्या दिवशी सकाळी नऊ अठ्ठावन्न ते सायंकाळी सहा पूर्णवेळ उपस्थित असल्याचे निर्विवाद सिद्ध होते, असे त्यात नमूद होते.

तो अख्खा दिवस हसरेकाका दवाखान्यातल्या पाळण्यापाशी बसून होते. संध्याकाळी सहाला मशीनपुढे साहेब उभे राहिले आणि पहिल्याच खेपेला जुळले.