तिसऱ्यांदा विचारल्यावर

नागपूरच्या विमानतळावर आईला आत येता येत नव्हतं, म्हणून दाराबाहेरच निरोप उरकला. तिने माझ्या बॅगेची चेन पुन्हा तपासली, चिवड्याचा डबा कपड्यांत नीट बसलाय ना ते चाचपून पाहिलं. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी विचारलं, "आई, जाऊ ना गं मी डब्लिनला?"

"जा ना! मला काय होऊन राहिलं? नोकरी सोडून माझ्याजवळ बसून काय करशील?"

मग मी गेले. आतून मागे वळून पाहिलं तर ती पार्किंगवाल्याशी हुज्जत घालत होती. म्हटलं, चला, आई ठीक आहे.

नागपूरकरांनो, आणि डब्लिनच्या उपनगरात, ल्यूकनला घरं घेऊन स्थिरावलेल्या मित्रमंडळींनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहितेय. कारण दोघांचाही प्रश्न एकच असतो: मुक्ता, अजून त्या फ्लॅटमध्येच का गं?

तर ऐका. मला हे शहर आवडतं. डब्लिनच्या जुन्या गोदीत आम्ही राहतो. पूर्वी इथे कोळशाची जहाजं रिकामी व्हायची. मग बंदराचं काम सरलं, माणसं गेली, आणि दिवसाढवळ्यासुद्धा इथे कोणी फिरकेना. आता काचेच्या इमारती आहेत, ट्राम आहे, नाटकगृह आहे. मी ऑफिसला चालत जाते, छत्री उलटी करणाऱ्या वाऱ्याला मराठीत शिव्या देत. ऊन पडलं की अख्खं गाव नदीकाठी येऊन बसतं आणि पोरंटोरं कालव्यात धडाधड उड्या मारतात. दात वाजत असतात, पण बाहेर निघतील तर शपथ! शनिवारी मी आणि माझी लेक ओवी नुसत्या भटकतो. नागपुरात सातच्या आत घरात असणारी मी, इथे नाटक सुटल्यावर एकटी पुलावरून गाणं गुणगुणत येते. हे सुख तुमच्या गार्डनमध्ये मिळतं का, सांगा!

पण एक गोष्ट होती. रस्त्यापलीकडे लाल विटांची जुनी घरं आहेत, गोदी कामगारांची. तिथे ब्रीडा राहते. पंच्याहत्तरी ओलांडलेली, नवरा गोदीत राबून गेला. आम्ही नवे आलो तेव्हा मी तिला चहाला बोलावलं होतं. ती म्हणाली, "नको नको, मी ग्रँड आहे." ग्रँड म्हणजे इथलं आपलं 'ठीक चाललंय'. मीही सोडून दिलं. माझ्या नवऱ्याने, निखिलने, बजावलंच होतं, "इथे आग्रह करायचा नसतो. नाही म्हणजे नाही." ब्रीडाच कशाला, सगळ्यांशी मी तशीच वागले. त्यामुळे झालं काय, की मला शहरातली प्रत्येक गल्ली पाठ झाली, पण ज्याचं दार वाजवावं असं एकही घर नव्हतं. म्हणून निखिलने ल्यूकनचा विषय काढला, "तिकडे गणपतीला आरतीला माणसं तरी असतील, इथे आपलं कोण आहे?" असं विचारलं, आणि मीही तिकडे घर बघायला तयार झाले.

त्या उन्हाळ्यात आई आली. दुसऱ्याच दिवशी खाली बाकावर तिला ब्रीडा भेटली. आईने आपल्या इंग्रजीत विचारलं, "टी? कम!" ब्रीडा म्हणाली, "नको नको."

"आई, नाही म्हणाल्या त्या. सोड आता," मी कुजबुजले.

आईने माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. "हे काय नाही म्हणणं झालं, बाप्पा? पाय बघ तिचे. घराकडे वळले का?"

तिने पुन्हा विचारलं. ब्रीडा म्हणाली, कशाला तुम्हाला त्रास. तिसऱ्यांदा आईने विचारलं आणि सरळ तिचा दंडच धरला. ब्रीडा वर आली, दोन कप चहा प्यायली आणि आमच्या नागपुरी, कोथिंबिरीच्या सांबारवडीची बशी तिने एकटीने संपवली. निघताना मला म्हणाली, "पोरी, आमच्याकडे पहिल्या वेळी कोणी हो म्हणत नाही. बरं दिसत नाही ते. तू मागे विचारलं होतंस ना, मला वाटलं पुन्हा विचारशील."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. अहो, ही तर आपलीच रीत! पंगतीत ताटावर आडवा हात धरणाऱ्याला जिलबी वाढत मोठी झालेली मी, आणि इथे येऊन शहाणी झाले होते.

आईचा व्हिसा संपेपर्यंत त्या दोघी रोज भेटत होत्या. आई नागपुरी बोलायची, ब्रीडा डब्लिनी, आणि ओवी मधे बसून दोघींनाही इंग्रजीतच उत्तरं द्यायची. काही अडलं नाही.

पुढे थंडीत ल्यूकनच्या घराचं जमत आलं. सही तेवढी राहिली होती. सांगायला म्हणून मी ब्रीडाकडे गेले.

"ग्रँड होईल सगळं," ती म्हणाली. "पोरीला अंगण मिळेल."

मी उठणार होते. पण तिने नुकताच चहा झालेला असताना केटल पुन्हा लावली. मी बसून राहिले आणि म्हटलं, "ब्रीडा, खरंच?"

"पोरीसाठी चांगलं असेल ते करा."

"ब्रीडा, आम्ही जाऊ का?"

ती पाठमोरी होती. हातातलं फडकं घडी करत राहिली. "नका जाऊ. एकदा ही सगळी गल्ली माझ्या डोळ्यांदेखत रिकामी झालीय. पुन्हा नको."

घरी येऊन निखिलला सगळं सांगितलं. तो दोन दिवस गाल फुगवून होता. तिसऱ्या दिवशी त्यानेच एजंटला नकार कळवला आणि मला म्हणाला, "रविवारी ब्रीडाला जेवायला बोलाव. नको म्हणाली तर मला सांग, मी विचारतो."

तेव्हा आमचं उत्तर हे असं आहे. जिथे आपल्या पहिल्या 'नको'वर कोणी विश्वास ठेवत नाही, त्या जागेला मी आता घर म्हणते.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. ती खूप हसली.

"बरं झालं, विमानतळावर तू मला एकदाच विचारलंस," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा विचारलं असतंस ना, तर थांबवलंच असतं तुला."

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "आई, यंदा येतेस का?"

"नको वं. तुमच्या त्या वाऱ्यात कोण येते?"

"ये ना गं."

"इथं घर कोण पाहील? तुळस वाळून जाईल."

"आई, ये."

तिकडून डबे उघडल्याचा आवाज आला.

"ब्रीडाला सांग," आई म्हणाली, "या खेपेला सांबारवडी जास्त करू."