माझी तक्रार नाही, बाकीच्यांची आहे

तुम्हा नातवंडांपैकी एकाने पत्रात लिहिलं आहे की कचेरीत नोकरांची संघटना आहे, पण तिच्या सभांना जाणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. साहेब समंजस आहे, आपलं आपण बोललं की काम होतं. आपलं आपण बोलणारी माणसं मी फार जवळून पाहिली आहेत. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. लग्न होऊन मी अमरावतीहून एका तालुक्याच्या गावी गेले. बडनेऱ्याला गाडी बदलावी लागे. गावाचं नाव सांगत नाही, तिथे त्या लोकांची नातवंडं अजून असतील. तुमचे आजोबा तिथे वकिली करत. मी मॅट्रिक झालेली म्हणून डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या शाळेत मुलींना इंग्रजी शिकवू लागले. शाळेत हेडमास्तर धरून नऊ मास्तर आणि आम्ही दोघी बायका. दुसरी म्हणजे शिवण शिकवणारी, शिवणबाई. विधवा होती, घरी आंधळी सासू, आणि सासूसुनेला त्या नोकरीशिवाय दुसरा आधार नव्हता.

कौन्सिलच्या चेअरमनच्या घरी लग्न निघालं की शाळेला काम लागे, हा तिथला रिवाज. हेडमास्तर वाटणी करून देत : भाताला कोण, वरणाला कोण, पाण्याला कोण. संस्कृत शिकवणारा गृहस्थ पंगतीत मठ्ठा वाढत फिरताना मी डोळ्यांनी पाहिला आहे. दुसऱ्या दिवशी तोच वर्गात विद्येच्या थोरवीवर बोलला. त्या वर्षी चेअरमनच्या मुलीचं लग्न होतं. शिवणबाईला दहा दिवस त्यांच्या घरी बसवून मांडवाच्या झालरी आणि पोलकी शिवायला लावायचं ठरलं. तिच्या मुलींची परीक्षा पुढच्याच आठवड्यात होती.

मास्तरांच्या खोलीत तेव्हा काय शौर्य उसळलं! ड्रॉइंगमास्तर म्हणाले, आपण काही कोणाचे घरगडी नाही. गणिताच्या मास्तरांनी टेबलावर मूठ आपटली. मी म्हटलं, मग एकच अर्ज करू, खाली अकरा सह्या. लगेच हेडमास्तरांनी नियम काढला : नोकरांनी मिळून अर्ज करायचा नसतो, तो कट ठरतो, ज्याने त्याने आपापला करावा. नियम खरा होता. नऊही चेहऱ्यांवर मला सुटका दिसली, पण तेव्हा मी तिला निराशा समजले.

मी मसुदा लिहिला. शिक्षकांना खासगी कामाला लावू नये, एवढीच मागणी, सभ्य शब्दांत. सगळ्यांनी तो उतरवून घेतला, लिफाफे बंद करून दिले. शिवणबाईने बाळबोध अक्षरात, ओळी मोजून, जसाच्या तसा लिहिला.

चार दिवसांनी चेअरमनने सगळ्यांना आपल्या ओसरीवर बोलावलं. माणूस कापसाचा व्यापारी, फारसा शिकलेला नाही, पण माणसं वाचता येत होती. त्याने हेडक्लार्कला प्रत्येक अर्जाची फक्त शेवटची ओळ वाचायला सांगितली. पहिली ओळ अशी : मला व्यक्तिशः काही तक्रार नाही, मात्र बाकीच्या शिक्षकांत नाराजी आहे, ती नम्रपणे कानावर घालतो. दुसरी ओळ थोड्या निराळ्या शब्दांत तीच. तिसरी तीच. नऊच्या नऊ. माझ्या मसुद्यात ती ओळ नव्हती. प्रत्येकाने ती गुपचूप जोडली होती आणि आपण एकटेच शहाणे अशी प्रत्येकाची समजूत होती.

चेअरमन हसला नाही. त्याने शांतपणे विचारलं, "मास्तर, तुमाले तरास नाही, यायले तरास नाही, त्यायले तरास नाही. मंग तरास हाये कोनाले?"

नऊ माना वळल्या त्या शिवणबाईकडे. कोणी बोट दाखवलं नाही. ते सभ्य लोक होते.

"मले हाये," ती म्हणाली. "माह्या पोरींची परीक्षा हाये."

माझ्या अर्जातही ती ओळ नव्हती, हे मी मुद्दाम पुढे होऊन सांगितलं. चेअरमनने माझा कागद घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाला की वकीलसाहेबांच्या घरचं आपण घरच्या घरी बोलू. माझं धैर्य किती स्वस्त होतं ते मला त्या घडीत कळलं.

आठवड्यात शिवणबाईची बदली मेळघाटात झाली. आंधळ्या म्हातारीला घेऊन त्या डोंगरात ती कशी राहणार, हे सगळ्यांना माहीत होतं. बदली रद्द करा असा कागद घेऊन मी एकेकाकडे गेले. गणिताचे मास्तर कळवळून म्हणाले, "बाई, तुम्ही वेगळा लिहा, मी वेगळा लिहितो." संस्कृतवाल्यांनी आपल्याला दोन मुली उजवायच्या आहेत असं सांगितलं. तो कागद माझ्या एकटीच्या सहीनिशी माझ्याबरोबर घरी परत आला.

शेवटी मी शिवणबाईकडे गेले आणि म्हटलं, आमच्या घरातून चेअरमनकडे शब्द टाकते. ती सासूच्या पायांना तेल लावत होती.

"अन् पुढच्या लग्नाले?" तिने विचारलं. "मंग त्यायच्या उपकाराच्या झालरी शिवाव्या लागतीन मले. नाई बाई. अकोल्याले भाऊ हाये, तिथं लोकायचे कपडे शिवून खाऊ."

लग्न झालं. नऊ मास्तरांनी पंगती वाढल्या. मठ्ठा छान झाला होता असं तुमचे आजोबा म्हणाले. ते जेवायला गेले होते.

राजीनामा तिने माझ्याकडूनच लिहून घेतला, कारण तिला तो इंग्रजीत द्यायचा होता. मी चांगल्या कागदावर, समास सोडून, सुवाच्य लिहिला. तिने सही केली. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो. टाक माझ्या हातात होता आणि कोरा कागदही उरला होता. माझा राजीनामा मी लिहिला नाही.