रिठदहून समुद्राकडे, मेथीच्या वाफ्यातून

लोक फिरून आले की किस्से सांगतात. रिठदच्या आमच्या घरचं सगळंच उलटं! कोकणात जायला अजून निघालोसुद्धा नाही आणि किस्से एवढे साचलेत की डिक्कीत बॅगांना जागा उरायची नाही.

सुरुवात सासूबाईंपासून झाली. "समुद्र केवढा असते, एक डाव पाहा लागते बापा," असं त्या भाकरी थापता थापता सहज बोलल्या. आमचे हे शाळेत मास्तर. दिवाळीची सुट्टी समोर होती. ह्यांनी आईचं बोलणं एवढं मनावर घेतलं की थेट सेकंडहँड गाडीच आणली!

*

गाडीची पूजा झाली. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. शेजारच्या मळ्यातले वासुदेवकाका नारळ घेऊन समोर उभे. ह्यांनी ऐटीत गिअर टाकला, पण टाकला रिव्हर्स! आमचं घर मळ्यातच आहे. लिंबं चिरडून गाडी मागे गेली ती सरळ मेथीच्या वाफ्यात.

आता मामाजी भडकणार, असं मला वाटलं. मामाजी म्हणजे माझे सासरे. मेथीच्या काडीकाडीवर त्यांचा जीव. पण ते शांतपणे चाकाखालची जुडी उचलत म्हणाले, "कामाची हाये गाडी. आल्या आल्या भाजी खुडाले लागली!"

*

मग सासूबाईंची तयारी. चिवडा, शंकरपाळे, धपाटे, तिळाची चटणी, ठेचा. इथपर्यंत ठीक होतं. एक दिवस पाहते तर ओसरीत वांग्यांचं पोतं शिवून तयार!

"आई, हे कशाला?" ह्यांनी विचारलं.

"त्या लॉजवाल्याले. लोकाच्या घरी मुक्कामाले जाचं आन् रिकाम्या हातानं?"

"अवं आई, लॉज हाये तो! त्याले आपण पैसे देतो!"

"पैसे त्याले दे. वांगे त्याच्या बायकोले."

ह्यांनी गुपचूप एक बॅग कमी केली. माझी!

*

खरी अडचण वेगळीच होती. मामाजी यायलाच तयार नव्हते.

"वांग्याले पाणी कोन देईन?" ते म्हणाले. वासुदेवकाका म्हणाले, "मी देतो." मग, "मोटरची लाईन राती येते." काका म्हणाले, "राती देतो." मग, "रानडुकरं येतात." काका म्हणाले, "खाट टाकून झोपतो तिथं!" तेव्हा मामाजी बराच विचार करून म्हणाले, "तुया घोरन्यानं वांगे झडतीन."

सासूबाईंनीही मग एका वाक्यात निकाल दिला, "हे येत नसन तं मीबी नाई येत."

अख्ख्या संसारात हे दोघं एका गाडीत बसून कुठे गेलेले नाहीत. लग्न असो, बारसं असो, सासूबाई वऱ्हाडाच्या जीपमध्ये आणि मामाजी "तुमी व्हा पुढं, मी येतो" म्हणत मागून मोटरसायकलवर. मला मामाजींचा खरंच राग आला होता. एवढं काय वांग्यांचं कौतुक? बाईनं आयुष्यात एक गोष्ट मागितली, तीही फुकट दिसणारी!

*

ह्यांचा मात्र उत्साह कायम. "ट्रायल घेऊ," म्हणाले. अनसिंगला नणंदेकडे जाऊन यायचं ठरलं. मामाजी नेहमीप्रमाणे मोटरसायकलवर.

आम्ही गाडीत बसलो, तोच वासुदेवकाकांनी हाक मारली, "कुठं चालले?"

झालं! निघणाऱ्याला 'कुठं' विचारलं की सासूबाईंच्या मते प्रवास बाटला. सगळे खाली उतरा, ओसरीत बसा, घोटभर पाणी प्या, मग पुन्हा निघा. निघालो. फाट्यावर पानटपरीवाला वाकून म्हणाला, "सर, कुठं?" गाडी वळवली, पुन्हा घर, पुन्हा पाणी! तिसऱ्यांदा ह्यांनी काचा वर केल्या आणि गावातून कोणाकडेही न बघता गाडी काढली. सरांना गाडी आल्यावर माज आला, असं गावात बोललं गेलं ते वेगळंच. शिवाय तेवढं पाणी पोटात, त्यामुळे वाशीमपर्यंत गाडी किती ठिकाणी थांबवावी लागली ते विचारू नका.

अनसिंगला पोचलो तर मामाजी जेवून, पान खाऊन ओट्यावर आडवे. आम्हाला बघून म्हणाले, "समुद्र पाहून येऊन राह्यले का?"

*

त्यानंतर घरातली लिंबं गायब व्हायला लागली. टोपलीत ठेवावी, दुपारी एक कमी. सासूबाई हादरल्या. "कोनी काई करनी तं करून नाई राह्यलं?" त्यांनी माझ्यावरून, ह्यांच्यावरून, अगदी गाडीवरूनही मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मामाजी खाली मान घालून जेवत होते.

*

आणि हे कालचं. भर दुपारी डिक्कीत काय काय मावतं ते बघायला मी गाडीपाशी गेले. सगळ्या काचा वर. मागच्या सीटवर मामाजी! धोतर सावरून ताठ बसलेले, नजर सरळ समोर, नाकाशी अर्धं लिंबू.

मी दार उघडलं. "मामाजी, काय करून राह्यले इथं?"

"सवय," ते म्हणाले. मग इकडेतिकडे पाहून हळूच, "मले गाडी लागते, सूनबाई. लहानपनापासून. त्या वासानंच पोटात ढवयते. कोनाले सांगू नको."

"पन मामाजी, गाडी तं उभी हाये!"

"उभ्या गाडीतबी लागते! पयल्या दिवशी तं गावाची येस नाई ओलांडली, उतरलो. रोज मनातच कोकणाच्या रस्त्यानं थोडं थोडं पुढं जाऊन राह्यलो. काल रिसोडपर्यंत गेल्तो."

मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात मागे सासूबाई उभ्या दिसल्या, हातात रिकामी लिंबांची टोपली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता मामाजींची धडगत नाही.

त्यांनी टोपली माझ्याकडे दिली. पलीकडून जाऊन दुसरं दार उघडलं, आत बसल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि दार ओढून घेतलं. मामाजींच्या बाजूचं मी उघडलेलं दार अजून तसंच होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"कुठं आलो?" सासूबाईंनी विचारलं.

"रिसोड गेलं मांगं," मामाजी म्हणाले. "आता लोनार येईन."