घोडेगावातलं ड्रॉइंग ऑफिस

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर विजयमाला साळवे दोन ओळींचा राजीनामा घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेली. नगरच्या औद्योगिक वसाहतीतला तो पंपांचा कारखाना. सव्वाशे माणसं, दोन भट्ट्या आणि तीन जणांचं ड्रॉइंग खातं. त्या तिघांत विजयमाला एकटीच कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायची. दीड वर्षापूर्वी ते मशीन आलं तेव्हा बाकीच्या दोघांनी पेन्सिल सोडायला नकार दिला. ही मात्र डब्याची सुट्टी बुडवून शिकली.

मालक सूर्यभान दरंदले यांनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"लग्न ठरलं का?"

"नाही साहेब. आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. घरात दुसरं कोणी नाही. घोडेगावहून सातची गाडी धरायची, संध्याकाळी साडेसातला घरी. मधले बारा तास तिला कोणाच्या भरवशावर ठेवू?"

शेजारी उभे असलेले वर्क्स मॅनेजर सहादेवराव म्हणाले, "रजा घ्या महिनाभर."

"महिन्यात ती उठायची नाही," विजयमाला म्हणाली. मग बसमध्ये चार दिवस मनात घोळवलेलं तिनं बोलून टाकलं. "साहेब, आता दुसरं मशीन आलंय. जुनं माझ्या घरी द्या. काम तेच करीन. फक्त वेळ माझी असेल."

सहादेवराव हसलेच. "उद्या भट्टीवाला म्हणेल, भट्टी घरी द्या."

दरंदले हसले नाहीत. नवा माणूस तयार करायला वर्ष जाईल, हे त्यांना दिसत होतं. "तीन महिने बघू," ते म्हणाले. "काम अडलं तर मशीन परत."

गावातल्या गोरक्षचा दुधाचा टेम्पो रोज भल्या सकाळी नगरला जायचा. त्याच टेम्पोतून, वाकळेत गुंडाळून, कॉम्प्युटर घोडेगावला आला. विजयमालानं तो आतल्या खोलीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली, आईच्या खाटेवरून दिसेल असा मांडला. आईची, भामाबाईंची, जीभ अजून जड होती.

"टीव्ही... हाय का?"

"नाही आई, माझं ऑफिस आहे."

दिनक्रम हळूहळू बसला. दिवसा दहानंतर वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, म्हणून विजयमाला चारला उठून कामाला बसायची. साडेसहाला फ्लॉपी गोरक्षच्या हातात द्यायची. मग आईची अंघोळ, औषधं, डॉक्टरांनी सांगितलेला हाताचा व्यायाम. दुपारी गोरक्ष परत येताना कारखान्यातून नव्या कामाचे कागद आणायचा. पूर्वी ड्रॉइंग दुपारी हातात पडायचं आणि तोवर ओतकामाचे लाकडी साचे करणारं साचेखातं बसून राहायचं. आता पहिली पाळी सुरू होतानाच ते टेबलावर असायचं. सहादेवरावांच्या हे लक्षात आलं होतं.

जानेवारीत एका साखर कारखान्याचा पंप फुटला. ऐन हंगाम. चार दिवसांत नवं झाकण ओतून हवं होतं. विजयमालानं मोडक्या तुकड्यांच्या मापांवरून ड्रॉइंग काढलं आणि फ्लॉपी पाठवली. नऊ वाजता शेजारच्या एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली. फोनवर सहादेवराव होते.

"साळवेबाई, तुमच्या फ्लॉपीत काहीच नाही. मशीन उघडतच नाही ती."

नंतर कळलं, गोरक्षनं फ्लॉपी टेम्पोतल्या टेपच्या भल्यामोठ्या स्पीकरवर ठेवली होती, आणि त्यातल्या चुंबकानं सगळं पुसून टाकलं होतं. त्या क्षणी मात्र विजयमालाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आईला सोडून नगर गाठायचं तर परत यायला संध्याकाळ. आणि सहादेवरावांच्या आवाजात 'मी म्हणालो नव्हतो का' हे स्पष्ट ऐकू येत होतं.

"कारभारीदादांना फोनवर बोलवा," ती म्हणाली. "प्लायवूड आणि पेन्सिल घेऊन या म्हणावं. मी मापं सांगते."

कारभारी म्हणजे लाकडी साचे करणारा जुना कारागीर. तिनं धावत जाऊन स्क्रीनवरची मापं वहीत उतरवली, वीज जायच्या आत, आणि बूथवर येऊन एकेक वाचू लागली. पलीकडे कारभारी तेवढ्याच आकाराचं झाकण फळीवर काढत होता. तिसाव्या मापाला तो थांबला.

"ताई, ह्ये भोक कडंला लई जवळ येतंय. बोल्ट आवळला की तुटंल."

विजयमालानं वहीत पाहिलं. चूक तिची होती. तुटक्या कडेवरून माप घेताना तिनं चार मिलिमीटर कमी धरले होते. फ्लॉपी नीट पोचली असती तर झाकण तसंच ओतलं गेलं असतं.

"दादा, चार मिलिमीटर आत घ्या. माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं. आत्ताच कळलं न्हवं? मी बारा वर्सं ड्रॉइंग बघतोय, पर काढनाऱ्याशी असं कधी बोलनंच झालं न्हाई. कागुद यायचा, आमी करायचो."

झाकण तिसऱ्या दिवशी रवाना झालं. पुढल्या आठवड्यात सहादेवरावांनी नियम केला की प्रत्येक नव्या ड्रॉइंगवर साचा सुरू करण्याआधी कारभारी आणि साळवेबाईंनी फोनवर बोलायचं. उन्हाळ्यापर्यंत फुकट जाणारं ओतकाम निम्म्यावर आलं. दरंदल्यांनी घोडेगावच्या घरात कंपनीच्या नावानं टेलिफोन घेतला. तीन महिन्यांची मुदत कधी संपली, कोणी विचारलंही नाही.

एक दिवस सहादेवरावांचाच फोन आला. ओतकामाच्या खात्यात खेड्यांतून येणाऱ्या सात बाया होत्या. त्यांची एसटी नऊच्या आधी पोचत नसे आणि रोज लेट मार्क लागे. दोघींनी नोकरी सोडायचं काढलं होतं. "मी विचार करतोय," ते घसा खाकरत म्हणाले, "त्यांना सव्वानऊ ते पावणेसहा ठेवलं तर? तुमचं कसं जमलं ते बघून म्हणतो." "जमेल, सहादेवराव," विजयमाला म्हणाली. जमलंही. सातातली एकही गेली नाही, उलट तिघी नव्या आल्या.

भामाबाई अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात काठी धरून ओट्यापर्यंत चालल्या. ओट्यावर बसून त्यांनी पहिलं काम केलं ते शेजारणीला सांगण्याचं. "माझी माली घरात बसून पंप करती. नगरला त्येचं लोखंड हुतं."

आता विजयमाला आठवड्यातून दोनदा नगरला जाऊ लागली. साचेखात्यात उभं राहून लाकडावर हात फिरवणं तिला आवडायचं. घरातल्या चौकोनी स्क्रीनवर ते मिळत नसे. नव्व्याण्णव साली कारखान्यात आणि घोडेगावात मोडेम बसले. पहिलं ड्रॉइंग फोनच्या तारेवरून अकरा मिनिटांत पोचलं, तेव्हा अख्खं खातं त्या मशीनभोवती उभं होतं.

त्याच वर्षी दरंदल्यांनी तिला ड्रॉइंग खात्याची मुख्य केली. "आता तरी रोज येशील?"

"दोनच दिवस, साहेब. खातं नीट चाललं नाही तर सांगा."

खात्यात एक जागा रिकामी होती. आलेल्या अर्जांत लांबच्या खर्डा गावातल्या मोनिकाचा अर्ज होता. डिप्लोमा चांगल्या गुणांचा, ड्रॉइंगचा हात स्वच्छ, पण सासर खर्ड्याला आणि मांडीवर सहा महिन्यांची मुलगी. अर्जाच्या शेवटी तिनंच लिहिलं होतं, 'नगरला रोज येणे शक्य होणार नाही, तरी विचार व्हावा.'

आईजवळ शेजारणीला ठेवून विजयमाला दोन दिवस खर्ड्याला जाऊन राहिली. मशीन लावलं, तारा जोडल्या, सासूबाईंच्या शंका ऐकून घेतल्या. तिसऱ्या आठवड्यात मोनिकाचं पहिलं ड्रॉइंग तारेवरून आलं. विजयमालानं ते छापून कारभारीपुढे ठेवलं. त्यानं बराच वेळ पाहिलं, मग फोन पुढं ओढला.

"लावा तिला," तो म्हणाला. "दोन गोष्टी इचारायच्या हायेत."