प्लास्टिकखालचे थेंब

फोन मीच केला होता. सकाळचे साडेसात वाजले असतील. स्लॅबमधली ओल कळावी म्हणून मारुतीने आदल्या दिवशी माझ्या गच्चीवर चारी कडांनी चिकटवलेला प्लास्टिकचा तुकडा मी गुडघे धरत, वाकून वाकून पाहिला होता. खाली एकही थेंब नव्हता. "कोरडं दिसलं की फोन कर आक्का, तासाभरात मशीन घेऊन येतो," असं तो सांगून गेला होता. म्हणून फोन लावला आणि पलीकडून उचलल्याबरोबर म्हणाले, "कोरडं हाय रं, ये!" फोनवर त्याची बायको शांता होती. ती म्हणाली, "आक्का, ते गेले वो. पहाटं छातीत दुखतंय म्हणाले. दवाखान्यात न्हेईस्तोवर..." मी तिथंच कठड्याला टेकून खाली बसले. शेजारी त्याचा तो प्लास्टिकचा तुकडा उन्हात चमकत होता.

मारुती माझा मामेभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मामाचं शेत कडोलीला. पाठीला पंप बांधून बटाट्याला, कोबीला औषध मारत तो मोठा झाला. पुढे निपाणीच्या रफीकभाईंनी त्याला छपरांच्या कामाला नेलं. सपाट स्लॅब दिवसा तापून फुगतो, रात्री आकसतो, आणि या ओढाताणीत त्याला चिरा पडतात. त्यावर यंत्राने पांढरं कोटिंग फवारलं की रबरासारखं कातडं तयार होतं. स्लॅब हलला की तेही ताणलं जातं, पण फाटत नाही, आणि छपराचं आयुष्य वाढतं. मारुती या कामालाही औषध मारणंच म्हणायचा. "काल वखारीला औषध मारून आलतो," असं तो सांगू लागला की नवख्या माणसाला वाटे, तिथं उंदीरघुशी झाल्या असाव्यात.

त्याचं काम मी बघत बसायची. आधी तारेच्या ब्रशने शेवाळ घासून काढायचं, चिरा भरायच्या, मग अनवाणी पायांनी सगळा स्लॅब चाचपायचा. तळव्याला जे कळतं ते डोळ्यांना कळत नाही, असं त्याचं म्हणणं. फवारताना तो पाठमोरा चालायचा, संथ, एका लयीत, शेतात चालायचा तसाच. पहिला हात राखाडी, दुसरा पांढरा. पांढऱ्यातून राखाडी डोकावलं की समजायचं, तिथं हात चुकला. वारा सुटायच्या आत काम उरकायचं हा त्याचा नेम, कारण निपाणीत एकदा वारा फिरला होता आणि तंबाखूच्या व्यापाऱ्याची काळीभोर गाडी पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेली होती. व्यापारी लालबुंद झाला. मारुती म्हणाला, "मालक, आता ही गाडी दहा वरसं गळायची न्हाय." व्यापाऱ्याला हसू फुटलं म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी मजुरी बुडाली असती आणि मारुतीला चालतच बेळगावला घरी परतावं लागलं असतं, असं रफीकभाई अजून सांगतात.

आता जे सांगायचं आहे त्यासाठीच खरं तर मी लिहायला बसले. पंधराएक वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत शिकवत होते तिथलं ग्रंथालय माझ्याकडे होतं. ते गळायचं. दुरुस्ती करून पुन्हा उघडायचं ठरलं तेव्हा छपरासाठी मी मारुतीचं नाव सुचवलं. मे महिना होता आणि आदल्याच संध्याकाळी वळीव कोसळून गेला होता. मारुतीने नेहमीप्रमाणे प्लास्टिक चिकटवलं, आणि सकाळी त्याच्या आतल्या बाजूला घामासारखे थेंब दिसले.

"आक्का, स्लॅब अजून वल्ला हाय. दोन दिवस थांबू."

"थांबायला वेळ कुठाय? रविवारी पाहुणे येणार, पत्रिका वाटून झाल्यात."

"वल्ल्यावर मारलं की उन्हानं वाफ वर यील गं. फोड येतील बघ."

"वरनं तर खडखडीत वाळलंय. मार म्हणते ना!"

मोठ्या बहिणीचा आवाज लावला की तो पुढे बोलत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याने मुकाट्याने मशीन सुरू केलं. रविवारचा समारंभ छान झाला. पाहुण्यांनी माझं कौतुक केलं. आणि आषाढात कोटिंगला तळहाताएवढे फोड आले, फुटले, आणि एका शनिवारच्या पावसात शब्दकोशांचं अख्खं कपाट भिजून फुगलं.

शाळेच्या कमिटीने आम्हा दोघांना बोलावलं. "ओल्यावर मारायची घाई कुणी केली?" अध्यक्षांनी विचारलं. त्याच वर्षी मुख्याध्यापिका म्हणून माझं नाव पुढे होतं. मी तोंड उघडलं... निदान उघडणार होते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तेवढ्यात मारुती म्हणाला, "माझीच वो साहेब. चूक झाली." पाऊस ओसरल्यावर त्याने सगळं खरवडून पुन्हा केलं आणि त्यानंतर ते छप्पर गळलं नाही. पण गावातल्या शाळांची कामं त्याला कुणी दिली नाहीत. कितीतरी वर्षं तो रोज सकाळची बस धरून निपाणीला जात राहिला. मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा पेढे खायला तो सगळ्यांच्या आधी आला होता. मला त्याच्या डोळ्यांत बघवलं नाही.

बाराव्यानंतर मी शांताला हे सगळं सांगितलं. वाटलं, ती तोंड फिरवेल. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करताच म्हणाली, "म्हाईत हाय मला. त्याच दिवशी सांगितलतं त्यांनी."

"मग तू त्याला काहीच बोलली न्हाईस?"

"बोलले की. लई भांडले. तर म्हणाले, मला दुसरं छप्पर घावंल, आक्काला दुसरी शाळा कुठली घावायची?"

मी तिथंच रडले. शांताने सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू नवरा माझाच गेला होता. कमिटीतली काही मंडळी अजून आहेत, वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीसाठी मी हे लिहितेय ती त्यांच्या घरी जाते. त्यांनी वाचावं. स्लॅब ओला आहे हे मारुतीने सांगितलं होतं. घाई मी केली. त्याच्या हातून काम चुकलं नव्हतं.

माझ्या गच्चीचं काम तसंच राहिलंय. तो तुकडा मी काढलेला नाही. चिकटपट्टी सुटली की नवी लावते आणि रोज सकाळी चहाच्या आधी वर जाऊन वाकून बघते. रफीकभाईंचा निरोप आला होता, की मारुतीचं शेवटचं काम मी पुरं करतो, गुरुवारी मशीन घेऊन येतो. परवा वळीव झाला. काल, बुधवारी, ऊन कडक पडलं, गच्ची वरून खडखडीत वाळली. आज पहाटे वर गेले तर प्लास्टिकच्या आत बारीक बारीक थेंब जमले होते. खाली आले आणि रफीकभाईंना फोन लावला. ते निघायच्या तयारीतच होते.

"थांबा रफीकभाई," मी म्हणाले, "स्लॅब अजून वल्ला हाय. दोन दिवस थांबू."