मामांचं ‘बास’

सकाळी शेजारच्या वखारीत फणसाचं लाकूड चिरलं आणि त्या गोडसर वासानं मला थेट सासऱ्यांच्या शेडमध्ये नेऊन उभं केलं.

नवरा गेल्यावर मी लेथवर वाडगे कातायला शिकत होते. मामांची, म्हणजे सासऱ्यांची, नजर गेलेली. ते मागं खुर्चीत बसून पटाशीच्या आवाजावरनंच लाकूड किती पातळ झालंय ते ओळखायचे. “भिऊ नगंस पोरी. मी बास म्हणस्तोवर कोरत ऱ्हा की!”

त्या दुपारी पिवळ्या ढलप्या मनगटावर गरम पडत होत्या. पटाशीचा आवाज चढत गेला.

“मामा, बास का?”

उत्तर नाही. म्हणजे अजून जाड असणार, असं धरून मी कोरत राहिले. एकदम बूड फुटलं आणि पटाशी आरपार गेली. आता शिव्या बसणार, म्हणून लेथ बंद करून मी घाबरतच वळले.

मामांची मान छातीवर कलली होती. हात धरला, तर गार.

आजही गिऱ्हाईक कुरकुरतं, “वैनी, तुमचं वाडगं लई जड हाय की.”

असू दे जड. बास म्हणणारं मागं कोणी नाही.