चिनी वाडग्याला चांदीचं ठिगळ

आमच्या घरात फुटकी बशी कधी टिकली नाही. कपाचा कान उडाला तरी मी तो कप त्याच दिवशी बाहेर काढते. माझ्या माहेरी, रत्नागिरीकडे, फुटकं भांडं घरात ठेवणं अशुभ मानतात. मस्कतला, वादी कबीरच्या फ्लॅटमध्ये येऊन चौदा वर्षं झाली, तरी ते काही माझ्या अंगातून गेलं नाही. आणि नशीब बघा, शेजारीण मिळाली ती फुटकी भांडी गोळा करणारी.

ती चीनची. वरच्या मजल्यावर राहते, नवरा बंदरावर कामाला. तिचे आजोबा गावोगाव फिरून फुटकी चिनीमातीची भांडी जोडायचे. गोंद-बिंद नाही, तुकड्यांच्या कडांना बारीक भोकं पाडून त्यांत धातूचे टाके बसवायचे, कापडाला घालतात तसे. ती विद्या हिच्या हातात आली. हिच्या मुलाला मात्र त्यात काडीचा रस नाही. ओमानात आल्यावर हिला दिसलं की इथल्या जुन्या घरांत, भिंतीतल्या कोनाड्यांत, पूर्वी जहाजांतून आलेले चिनी वाडगे अजून मांडलेले असतात. तिने एक वही केली. कुणाकडे कुठला वाडगा, घरातली माणसं त्याबद्दल काय सांगतात, सगळं त्यात लिहायचं. वाडगा विकत मागायचा नाही. फुटला असेल तर जोडून त्याच कोनाड्यात परत ठेवायचा, हा तिचा नियम.

त्यासाठी महिन्यातून एका शुक्रवारी आम्ही बिल्डिंगमधल्या बायका-मुलं निघतो. प्रत्येकीची वेगळी गाडी नाही, सगळ्यांत मिळून एक मिनीबस. कुणाच्या हातात प्लास्टिकची बाटली दिसली की ही तिला परत जिना चढायला लावते. जेवण गावातल्याच कुणाच्या तरी घरी, आणि निघताना आपला कचरा आपल्या पिशवीत. "ही सहल आहे की लष्करी कॅम्प?" असं मी पहिल्यांदा नवऱ्याला म्हटलं होतं. पण बसमध्ये सगळ्या भाषांतली गाणी कोकलत जायची अशी काही चटक लागली की आता शुक्रवार चुकला तर मीच चिडचिड करते.

गेल्या हिवाळ्यात खाबुरा नावाच्या गावी गेलो. खजुराच्या बागेतलं घर, आणि घरातली कर्ती बाई म्हणजे एक म्हातारी. तिला सगळे खाला, म्हणजे मावशी म्हणत. जेवणं झाल्यावर तिने फडक्यात बांधलेले तुकडे आणून शेजारणीसमोर ठेवले. निळ्या फुलांचा वाडगा, कपाट हलवताना पडलेला. त्या घरातल्या प्रत्येक नवरीला लग्नात हलव्याचा पहिला घास ह्याच वाडग्यातून मिळाला होता. खालाला, तिच्या आईला, तिच्या लेकींनाही. आता नातीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. "जोडला जाईल?" तिने विचारलं. "इन्शाल्ला," शेजारीण म्हणाली. खालाने ओढणीने डोळे पुसले, आणि मलाही भरून आलं.

शेजारणीच्या घरी रंगकाम चालू होतं. परतल्यावर तिने ते गाठोडं माझ्या हातात दिलं. "दोन दिवस तुझ्याकडे ठेव."

नाही कसं म्हणायचं? घेतलं. पण उंबरठ्यापाशी पाय अडला. अकरा तुकडे, आणि ते माझ्या देव्हाऱ्याच्या घरात! मी मनाची समजूत घातली की दाराबाहेर, चपलांच्या रॅकवर ठेवलं तरी ते माझ्याकडेच ठेवल्यासारखं आहे. रविवारी सकाळी दार उघडलं तर रॅक मोकळा. सफाईवाल्याने कचरा समजून उचललं होतं.

पुढचा अर्धा तास मी विसरू शकत नाही आणि वादी कबीरही विसरणार नाही. रस्त्यावरच्या मोठ्या कचरापेटीत मी, घरातल्या गाऊनवर, ओढणी कमरेला खोचून. बाहेर वॉचमन हाका मारतोय, "भाभी, आप उतरो, हम देखता है!" शाळेची बस समोरून गेली, तिच्या खिडकीत माझी लेक होती. दहा तुकडे मिळाले. अकरावा नाही मिळाला.

मी सगळं शेजारणीला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसते तुकडे एकमेकांना लावून पाहिले. वाडग्याच्या पोटाला दोन बोटांएवढी फट राहत होती. "इथे धातूचं ठिगळ लागेल," ती म्हणाली. "पातळ, आणि आधीच असा वळलेला पत्रा मिळाला तर उत्तम."

असा पत्रा माझ्या कपाटात होता. लेकीचं चांदीचं बोंडलं, ज्यातून मी तिला गुटी पाजली, दूध पाजलं. ते कापायचं तर आधी तिची परवानगी हवी. लेकीला विचारलं. ती अजून कचरापेटीवरून फुगलेली होती. बोंडलं उलटसुलट करून म्हणाली, "मी ह्याच्यातून प्यायली? मग दे ना, आई. मी आता मोठी आहे. आणि मिस्टेक तुझी आहे."

शेजारणीचा अंगठा दुखत होता, म्हणून भोकं पाडायचं काम तिने माझ्यावर टाकलं. आजोबांचा सामता हातात दिला, दोरीने मागेपुढे फिरणारं गिरमिट. "अर्ध्या जाडीपर्यंतच जायचं. आरपार गेलीस तर खलास." मी ब्लाउज शिवते, हात हलका आहे, तरी पहिल्या भोकाला मला घाम फुटला. दुसऱ्याला कमी. दहाव्या भोकाला मी गुणगुणत होते, आणि शेजारीण टाके ठोकायचं सोडून माझ्या हाताकडे बघत होती. शेवटी फटींत तिने अंड्याचा पांढरा बलक आणि चिनीमातीची पूड भरली.

लग्नाच्या सकाळी खालाने कोरडं पांढरं फडकं जमिनीवर पसरलं, त्यावर वाडगा ठेवला आणि काठोकाठ पाणी ओतलं. नवरीसकट सगळ्याजणी त्या फडक्याकडे टक लावून बसल्या. मी तर देवाचं नाव घेत होते. बऱ्याच वेळाने खालाने वाडगा उचलून फडक्यावर हात फिरवला. कोरडं! बायकांनी असा काही आनंदाचा गिलका केला की कोंबड्या अंगणभर पळाल्या.

मग तिचं बोट चांदीवर थांबलं. हे काय? शेजारणीने सगळं सांगितलं, कचरापेटीसकट. खाला पोट धरून हसली. नवरीला पहिला घास भरवून झाल्यावर तिने माझ्या लेकीला जवळ बोलावलं आणि दुसरा तिच्या तोंडात घातला. ती जे म्हणाली ते अरबीतून इंग्रजीत शेजारणीने केलं, आणि माझं इंग्रजी कामापुरतंच म्हणून मराठीत लेकीने. "आई, ती म्हणते, तुझं दूध पण ह्याच्यात आहे. म्हणून मी पण ह्याच घरची, माझ्या लग्नाचा हलवा ह्याच्यातूनच." मी तिथेच रडायला लागले, सगळ्यांदेखत.

परतताना बसमध्ये शेजारणीने माझ्या मांडीवर एक नवं गाठोडं ठेवलं. खालाच्या शेजारच्या घरातला वाडगा, तीन तुकडे. "हा तू एकटीने जोडायचा," ती म्हणाली, आणि डोळे बारीक करून विचारलं, "कुठे ठेवशील?"

"देव्हाऱ्याखालच्या खणात," मी म्हटलं, आणि वाटभर ते मांडीवरून खाली ठेवलं नाही.